दाव्याला पहिलं पान, मग तपासणीला का नाही? मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे, साप्ताहिकांचे आणि वृत्तसंकेतस्थळांचे संपादक, तसेच विज्ञानाची पानं सांभाळणारे सर्व पत्रकार

विषय : स्टराइल न्यूट्रिनोचा शोध आणि त्याच्या बातम्या

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. एक शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधल्या मायक्रोबून प्रयोगाचा, दुसरा जर्मनीत कार्ल्सरूहला चालणाऱ्या कॅट्रिन प्रयोगाचा. दोन्ही यंत्रांत काडीचंही साम्य नाही. एकात द्रवरूप आरगॉनची टाकी, दुसऱ्यात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) वायू आणि एक अवाढव्य निर्वात पात्र. पण ज्या कणाच्या मागे जगभरचे संशोधक तीस वर्षं लागले होते, तो हलका स्टराइल न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशातच न अडकणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा त्याहूनही अलिप्त असा कल्पिलेला चौथा प्रकार, ज्या रूपात त्याची सर्वाधिक चर्चा होती त्या रूपात, दोघांनाही दिसला नाही. नुसता दिसला नाही असं नव्हे. तो कुठे कुठे असू शकत नाही, हे दोघांनी आकड्यांनिशी मांडलं.

‘नवा कण सापडला?’, ‘भौतिकशास्त्राला हादरा’ अशा मथळ्यांखाली याच कणाच्या बातम्या मी तुमच्याकडे वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्या वाचून माझ्या वर्गातली काही मुलं या विषयाकडे वळली, त्याबद्दल मी तुमचा खरोखर ऋणी आहे. डिसेंबरमधला निकाल मात्र मला मराठीत शोधत बसावं लागलं, आणि जिथे दोन ओळी सापडल्या तिथे सूर ‘संशोधकांच्या पदरी निराशा’ असा होता. या सुराबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझी विनंती साधी आहे. ज्या दाव्याला तुम्ही जागा देता, त्याच्या तपासणीचा निकाल लागला की त्यालाही तीच जागा द्या. आणि दावा टिकला नाही तर त्या निकालाला अपयश म्हणू नका. ही विनंती नुसती करून भागणार नाही, म्हणून या कणाची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात हे आता पाठ्यपुस्तकांतही आहे: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने आणि त्यानंतर कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने दाखवून दिलं की हे तिन्ही प्रकार वाटेत एकमेकांत रूपांतरित होतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. त्याबद्दल २०१५ चं नोबेल मिळालं. प्रकार तीनच का, याचंही उत्तर भक्कम आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झेड बोसॉनच्या (दुर्बल आंतरक्रिया घडवणाऱ्या एका जड कणाच्या) लाखो विघटनांचा हिशोब लावला, तेव्हा झेडशी आंतरक्रिया करणाऱ्या हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीन निघाले. चौथ्याला तिथे जागाच उरली नाही. मग चौथा असलाच तर तो झेडला ओळखच न देणारा हवा. दुर्बल आंतरक्रियेतही भाग न घेणारा, फक्त गुरुत्वाकर्षण जाणणारा आणि बाकीच्या तिघांत मिसळण्याची तेवढी क्षमता असलेला. अशा कणाची कल्पना ब्रुनो पॉन्तेकोर्व्हो यांनी १९६० च्या दशकातच मांडून ठेवली होती. असा कण थेट पकडता येत नाही. बाकीच्यांच्या हिशोबात भर किंवा तूट दिसली, तरच त्याचा माग लागतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो: हिशोबात फरक आला तर तो कणामुळे आला की हिशोबच चुकला?

पहिला फरक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत आला. १९९३ ते १९९८ या काळात तिथे एलएसएनडी नावाचा प्रयोग चालला. १६७ टन खनिज तेलाची टाकी, भोवती बाराशेवर प्रकाशगुणक नलिका, आणि न्यूट्रिनोंच्या स्रोतापासून अंतर जेमतेम ३० मीटर. म्युऑन प्रतिन्यूट्रिनोंच्या (न्यूट्रिनोंच्या प्रतिकणांच्या) झोतात इलेक्ट्रॉन प्रतिन्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. जादा घटना सुमारे ८८. इतक्या कमी अंतरात तीन ज्ञात न्यूट्रिनोंची अदलाबदल होणं शक्य नव्हतं. एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांच्या वस्तुमानाचं एकक) आसपास वस्तुमानाचा चौथा न्यूट्रिनो धरला, तर मात्र गणित जमत होतं.

मग फर्मिलॅबने मिनीबून उभारला, तोही खास एलएसएनडी तपासण्यासाठी. १२ मीटर व्यासाचा गोल, आत ८०० टनांवर तेल, अंतर ५४१ मीटर. ऊर्जा आणि अंतर दोन्ही वाढवली, पण त्यांचं गुणोत्तर तेच राखलं, म्हणजे चौथा न्यूट्रिनो असेल तर परिणाम तोच दिसावा. २००२ पासून २०१९ पर्यंत मोजणी चालली आणि अखेर ६३८ जादा घटना हाती लागल्या, ४.८ सिग्मा. २०१८ मध्ये या प्रयोगाचे आकडे आले, तेव्हा जगभर मथळे झळकले. त्यात गैर काही नव्हतं. पण एक गोष्ट बहुतेक बातम्यांतून निसटली. मिनीबूनच्या टाकीला इलेक्ट्रॉन आणि फोटॉन वेगळे ओळखता येत नव्हते. तेलात दोघांचंही सारखंच धूसर कडं उमटायचं. म्हणजे जादा घटना खऱ्या असल्या, तरी त्या इलेक्ट्रॉनच्या होत्या की एखाद्या सामान्य प्रक्रियेतून निघालेल्या फोटॉनच्या, हे त्या यंत्राला सांगताच येत नव्हतं. सिग्मा कितीही वाढला तरी ही शंका फिटणार नव्हती. सिग्मा एवढंच सांगतो की निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता किती कमी आहे. तुमची पार्श्वभूमीची, म्हणजे इतर सामान्य कारणांनी उमटणाऱ्या घटनांची, समज बरोबर आहे की नाही, ते तो सांगत नाही. विज्ञानाच्या बातमीवर हात फिरवणाऱ्या प्रत्येक उपसंपादकाने ही एक गोष्ट जवळ बाळगावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

मायक्रोबून हे त्या शंकेचं उत्तर. एकूण १७० टन द्रवरूप आरगॉन, त्यातलं मोजणीला उपयोगी ८५ टन. एका बाजूला आठ हजारांवर बारीक तारांचे तीन पडदे, दोन तारांत अंतर ३ मिलिमीटर. न्यूट्रिनोने आरगॉनच्या अणुकेंद्रकाला धडक दिली की निघालेले कण आपल्या वाटेवर इलेक्ट्रॉन मोकळे करत जातात, ते विद्युतक्षेत्राने तारांपर्यंत ओढले जातात, आणि पडद्यावर अख्ख्या टकरीचं रेखाचित्र उमटतं. या रेखाचित्रात इलेक्ट्रॉन आणि फोटॉन एकदम वेगळे दिसतात. इलेक्ट्रॉनची रेघ टकरीच्या बिंदूपासूनच सुरू होते. फोटॉनला विद्युतभार नसल्याने तो थोडं अंतर कोणतीही खूण न ठेवता जातो, मग त्याचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होतात आणि तिथून रेघ सुरू होते. शिवाय सुरुवातीला दोन कण मिळून चालत असल्याने ती दुप्पट ठळक असते. टकरीचा बिंदू, मधली काही सेंटिमीटरांची रिकामी जागा आणि पलीकडे गडद शेपूट: अशी चित्रं मायक्रोबूनने प्रसिद्ध केली आहेत. ती मी वर्गात दाखवतो तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही मिनिटभरात फरक कळतो. तुमच्या पानावर ती उत्तम दिसतील, आणि निळ्या झगमगाटातल्या काल्पनिक गोळ्यांच्या चित्रांपेक्षा वाचकाला शंभरपट जास्त सांगतील.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोबूनचे पहिले मोठे निकाल आले. इलेक्ट्रॉनची वाढ दिसली नाही. ज्या फोटॉन-प्रक्रियेवर सर्वाधिक संशय होता, तिचीही वाढ दिसली नाही. तरी स्टराइल न्यूट्रिनो पुरता बाद झाला नव्हता, कारण त्याला एक पळवाट होती. तो असेल तर काही म्युऑन न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो होतील, म्हणजे संख्या वाढेल. पण झोतात आधीपासून असलेले काही इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो गायबही होतील, म्हणजे संख्या घटेल. विहिरीत झऱ्याने जेवढं पाणी यावं तेवढंच पंपाने उपसलं जावं आणि काठावरून बघणाऱ्याला पातळी स्थिर वाटावी, तसा प्रकार. डिसेंबर २०२५ च्या निबंधाने ही पळवाट बंद केली. मायक्रोबूनची टाकी अशा जागी आहे की फर्मिलॅबचे दोन वेगवेगळे झोत तिच्यातून जातात, एक थेट आणि दुसरा तिरका. दुसऱ्या झोतात मुळातल्या इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. एका झोतात भर आणि तूट एकमेकांना झाकू शकतात. दोन्ही झोतांत एकाच वेळी झाकणं जमत नाही. दोन्हींचा हिशोब एकत्र मांडल्यावर एलएसएनडी आणि मिनीबूनच्या जादा घटनांचं ‘एकच हलका स्टराइल न्यूट्रिनो’ हे स्पष्टीकरण ९५ टक्के खात्रीने बाद झालं.

याला निराशा कसं म्हणावं? एका यंत्राची उणीव नेमकी हेरून तेवढीच भरून काढणारं दुसरं यंत्र उभं करायचं, त्यात उरलेली फट पाहून दुसऱ्या झोताचा उपयोग करून घ्यायचा, आणि ज्या कणासाठी कारकीर्द खर्ची घातली तोच नाही, असं आपल्या सहीने छापायचं. माझ्या मते या क्षेत्रातल्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत देखण्या कामांपैकी हे एक आहे. आणि यात तुमच्यासाठी एक जिवंत बातमी दडलेली आहे, जी फार थोड्यांनी दिली: मिनीबूनच्या ६३८ जादा घटना अजूनही जागच्या जागी आहेत. त्या कशामुळे आल्या हे आजही कुणाला ठाऊक नाही. बाद झालंय ते एक स्पष्टीकरण. कोडं शाबूत आहे.

आता अणुभट्ट्यांकडे येऊ, कारण तिथे दाव्याचा शेवट आणखी बोधप्रद झाला, आणि तो मला मराठीत कुठेही वाचायला मिळाला नाही. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने अणुभट्टीतून किती प्रतिन्यूट्रिनो निघायला हवेत याचं गणित नव्याने केलं. अपेक्षित संख्या काही टक्क्यांनी वाढली. त्यामुळे आधीचे सगळे प्रयोग एकाएकी तुटीत गेले. मोजलेले प्रतिन्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. हरवलेले सहा टक्के स्टराइल झाले असतील का? या प्रश्नावर जगभर छोट्या छोट्या यंत्रांची रांग लागली. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला स्टिरिओ, अमेरिकेत ओक रिजला प्रॉस्पेक्ट, कोरियात निऑस, रशियात डॅन्स आणि न्यूट्रिनो-४. यातलं डॅन्स मला फार आवडतं. कालिनिन अणुवीज केंद्रातल्या अणुभट्टीच्या थेट खाली एका लिफ्टवर ते यंत्र ठेवलं आहे. ते अणुभट्टीपासून कधी १०.९ मीटरवर, तर कधी १२.९ मीटरवर नेतात आणि दोन्हीकडची मोजणी ताडून बघतात. अणुभट्टीतून मुळात किती प्रतिन्यूट्रिनो निघतात, याच्या गणितावर मग विसंबावंच लागत नाही. स्टराइल न्यूट्रिनो असेल तर दोन मीटरांत ऊर्जेच्या आलेखाचा आकार बदलायला हवा.

दरम्यान चीनमधल्या दाया बे प्रयोगाने २०१७ मध्ये एक साधा आणि बिनतोड प्रश्न विचारला. अणुभट्टीत इंधन जळत जातं तसं युरेनियम-२३५ चा वाटा घटतो आणि प्लुटोनियमचा वाढतो. तूट स्टराइल न्यूट्रिनोमुळे असेल तर प्रतिन्यूट्रिनो कुठल्या अणूतून निघाला याने फरक पडायचं कारण नाही. पण फरक पडत होता. तूट बहुतांशी युरेनियम-२३५ च्या खात्यावर होती. म्हणजे संशय कणावरून गणितावर आला. ते गणित १९८० च्या दशकात ग्रेनोबलला घेतलेल्या मोजमापांवर उभं होतं. २०२१ मध्ये मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेने ती मोजमापं नव्याने घेतली आणि युरेनियम-२३५ चा जुना आकडा सुमारे पाच टक्क्यांनी चढा असल्याचं दिसलं. तूट जवळजवळ मिटली. २०२३ च्या जानेवारीत स्टिरिओचा अंतिम निकाल आला. त्यानेही अणुभट्टीच्या तुटीमागचा स्टराइल न्यूट्रिनो नाकारला. एका चार दशकं जुन्या मोजमापाच्या पोटात शिरून चूक शोधून काढणारी ही गोष्ट कुठल्याही शोधपत्रकारितेच्या तोडीची आहे. कुणीतरी ती रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान देऊन सांगावी.

सगळीच कोडी अशी सुटली असं मात्र नाही, आणि म्हणूनच ‘स्टराइल न्यूट्रिनो नाहीच’ असा मथळाही चुकीचा ठरेल. कॉकेशस पर्वतातल्या बाक्सानच्या प्रयोगशाळेत २०१९ मध्ये बेस्ट नावाचा प्रयोग झाला. क्रोमियम-५१ चा अतिशय तीव्र किरणोत्सारी स्रोत मधोमध आणि त्याभोवती दोन कप्प्यांत ४७ टन वितळलेलं गॅलियम. न्यूट्रिनो आदळला की गॅलियमच्या एखाद्या अणूचं जर्मेनियम-७१ होतं. टनावारी धातूतून असे मोजके अणू रसायनांनी वेगळे काढायचे आणि ते विघटित होताना एकेक मोजायचे. या कामातलं कसब कल्पनेपलीकडचं आहे. आतल्या कप्प्यात अपेक्षेच्या ७९ टक्के अणू मिळाले, बाहेरच्यात ७७ टक्के. नव्वदच्या दशकात गॅलेक्स आणि सेज या प्रयोगांतही अशीच तूट दिसली होती. पण दोन्ही कप्प्यांत तूट जवळपास सारखीच असल्याने, अंतरानुसार बदलणारा स्टराइल न्यूट्रिनोचा ठसा काही उमटला नाही. तुटीचं कारण आजही माहीत नाही. एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारलं, “सर, मग तो आहे की नाही, एकदाचं सांगा ना!” मी तिला बेस्टचे हे दोन आकडे फळ्यावर लिहून दिले आणि म्हटलं, आज प्रामाणिकपणे सांगता येण्यासारखं उत्तर एवढंच आहे. ती मुलगी नाराज झाली नाही. उलट पुढच्या तासाला गॅलियमबद्दलचे चार प्रश्न घेऊन आली. वाचकाला ‘अजून माहीत नाही’ हे उत्तर पचत नाही, असं तुमच्या क्षेत्रात समजलं जातं. माझा अनुभव तसा नाही.

कॅट्रिन या प्रकरणात वेगळ्याच वाटेने शिरतं. तिथे न्यूट्रिनो पकडायचाच नाही. ट्रिटियमच्या विघटनातून न्यूट्रिनोसोबत इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अतिशय काटेकोरपणे मोजायची. कधीकधी साध्या न्यूट्रिनोऐवजी त्याहून जड असा हा स्टराइल न्यूट्रिनो निघत असेल, तर ऊर्जेच्या आलेखात एका ठरावीक जागी बारीकशी मोड दिसायला हवी. २५९ दिवसांच्या मोजणीत ३ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन तपासले. मोड दिसली नाही. गॅलियमच्या तुटीतून सुचणाऱ्या शक्यतांचा मोठा भाग त्यामुळे बाद झाला, आणि स्टराइल न्यूट्रिनो दिसल्याचा रशियाच्या न्यूट्रिनो-४ गटाने केलेला दावा तर संपूर्ण बाद झाला. या यंत्राचं २०० टनी निर्वात पात्र २००६ मध्ये बव्हेरियातल्या डेगेनडॉर्फहून कार्ल्सरूहला आणलं. सरळ रस्त्याने अंतर चारशे किलोमीटरही नाही, पण २३ मीटर लांब आणि १० मीटर व्यासाचं धूड कुठल्याच रस्त्यावर मावेना. मग ते डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र आणि अटलांटिकला वळसा घालून ऱ्हाइन नदीतून, असं साडेआठ हजारांवर किलोमीटर फिरून आलं. शेवटच्या टप्प्यात ते घरांच्या दोन रांगांमधून, खिडक्यांना जवळजवळ घासत चाललं आहे आणि अख्खं गाव बघायला लोटलं आहे, अशी छायाचित्रं उपलब्ध आहेत. ‘नाही’ हे उत्तर खात्रीने देता यावं म्हणून माणसं काय काय करतात, हे त्या एका छायाचित्रातून कळतं.

आता आपल्याकडचं. न्यूट्रिनो हा आपल्या वाचकाला परका विषय वाटतो असं तुम्ही म्हणाल, पण तो तसा नाही. १९६५ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅमच्या संशोधकांसोबत वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. अशी नोंद जगात पहिल्यांदा करणाऱ्यांत ते होते. आणि स्टराइल न्यूट्रिनोचा प्रश्न तर थेट मुंबईत येऊन पोचला आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १०० मेगावॉटची ध्रुव ही संशोधन अणुभट्टी आहे. तिच्या गाभ्यापासून साधारण १३ मीटरवर इसमरान नावाच्या यंत्राची योजना आखली गेली. एक मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद-जाड अशा प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आदळला की चमकणाऱ्या) ९० पट्ट्या, प्रत्येकीभोवती गॅडोलिनियमचा लेप दिलेलं वेष्टन. सगळं मिळून टनभर वजन. आधी १६ पट्ट्यांचा छोटा नमुना ध्रुवजवळ चालवून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. उद्दिष्टं दोन: प्रतिन्यूट्रिनो मोजून अणुभट्टीवर बाहेरून लक्ष ठेवता येतं का हे बघणं, आणि स्टराइल न्यूट्रिनोचा माग काढणं. चेंबूर-मानखुर्दच्या लोकलमधून दिसणाऱ्या टेकडीपलीकडे हे काम चाललं, आणि त्यावर मराठीत एक धड लेख मला सापडला नाही. मुंबईत कार्यालयं असलेल्या दैनिकांना ही बातमी अमेरिकेहून येणाऱ्या तारेची वाट न बघता करता आली असती.

बातमी पोचली नाही की काय होतं, हे तमिळनाडूत दिसलं. थेनी जिल्ह्यातल्या बोडीच्या डोंगरात भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा होणार होती. ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचा शोधक, सुमारे १,५०० कोटी रुपयांचा खर्च, जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. आज तिथे वेधशाळा नाही. प्रकरण न्यायालयात आणि हरित लवादात गेलं, तमिळनाडू सरकारनेही विरोध नोंदवला. डोंगर पोखरण्याबद्दल, पाण्याबद्दल, जंगलाबद्दल तिथल्या लोकांनी विचारलेले प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरं देणं ही प्रकल्प आणणाऱ्यांची जबाबदारी होती. त्यात मी तिथल्या गावकऱ्यांच्या बाजूने आहे. पण त्याच वेळी न्यूट्रिनोमुळे किरणोत्सार पसरेल, न्यूट्रिनो शस्त्रासारखा वापरला जाईल अशाही गोष्टी पसरल्या, आणि त्यांची शहानिशा लोकांच्या भाषेत वेळेवर झाली नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातून सूर्याचे न्यूट्रिनो दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने आरपार जात असतात, एवढी साधी माहिती आधीपासून घराघरांत असती, तर वाद निदान खऱ्या प्रश्नांवर झाला असता. उद्या असाच एखादा प्रकल्प सह्याद्रीत आला, तर मराठी वाचकाची तयारी काय असेल? ती तयारी करून घेणारं तुमच्याइतकं मोठं साधन दुसरं कुठलंही नाही. शाळा-कॉलेजं आहेत, पण आमच्या वर्गात येतात ती फार तर काहीशे मुलं. तुमचा अंक लाखोंकडे जातो.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. विज्ञानासाठी वेगळा बातमीदार ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. संध्याकाळी सातला वृत्तसंस्थेची बातमी येते, नऊला पान सोडायचं असतं, आणि मजकूर लिहिणाऱ्याला त्याच दिवशी पिकविमा आणि नगरपालिकेची सभाही लिहायची असते. म्हणूनच मी मागतोय ते झेपण्याजोगं मागतोय. दाव्याची बातमी छापलीत की ती एका फाइलमध्ये टाका आणि तिच्यावर लिहून ठेवा की हे कोण तपासणार आहे. तपासणारा प्रयोग कोणता, हे मूळ निबंधात बहुधा लिहिलेलंच असतं. नसेल तर तीच प्रश्न विचारण्याची जागा आहे. मग तो निकाल आला की जुन्या बातमीचा उल्लेख करून, त्याच पानावर, तितक्याच रकान्यांत तो द्या. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी सगळीकडे गाजली. काही महिन्यांनी, २०१२ च्या फेब्रुवारीत, एका प्रकाशतंतूची जोडणी ढिली होती हे समोर आलं. मला आजही असे पदवीधर भेटतात, ज्यांना पहिली बातमी आठवते आणि दुसरी माहीतच नाही. आइन्स्टाइन चुकला असं ते आत्मविश्वासाने सांगतात. हा दोष त्यांना देता येत नाही.

आणखी एक. ‘प्रयोग फसला’ हा शब्दप्रयोग जपून वापरा. टाकी फुटली, निधी संपला, मोजणी चुकली, तर प्रयोग फसला. विचारलेल्या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर मिळालं, तर प्रयोग यशस्वी झाला, मग ते उत्तर ‘नाही’ असो. हा फरक बातमीत पाळला नाही, तर सार्वजनिक पैशातून चाललेलं प्रत्येक प्रामाणिक काम लोकांना उधळपट्टी वाटू लागतं. मग संशोधकांनाही काहीतरी सापडल्याचं सांगण्याचा मोह होतो. स्टराइल न्यूट्रिनोच्या तीस वर्षांत तो मोह बहुतेकांनी टाळला. एलएसएनडीच्या लोकांनी आपला आकडा लपवला नाही, मिनीबूनने आपल्या यंत्राची उणीव लपवली नाही, बेस्टने दोन्ही कप्पे सारखेच निघाल्याचं लपवलं नाही. त्यांच्या या वागण्याची बातमी व्हायला हवी.

पुढचे निकाल फार लांब नाहीत. फर्मिलॅबमध्ये त्याच झोतात आता आणखी दोन आरगॉन-टाक्या आहेत. एसबीएनडी ही ११० मीटरवर. तिने २०२४ मध्ये पहिले न्यूट्रिनो पाहिले. आयकॅरस ६०० मीटरवर. हे यंत्र मूळचं इटलीतल्या ग्रान सासोच्या बोगद्यातलं, सर्नमध्ये डागडुजी होऊन २०१७ मध्ये समुद्रमार्गे अमेरिकेत आलं. एकाच झोतावर, एकाच जातीची दोन यंत्रं, एक जवळ आणि एक लांब. मिनीबूनच्या ६३८ घटनांचं काय ते ठरवायला यापेक्षा चांगली मांडणी मला तरी सुचत नाही. कॅट्रिनमध्येही ट्रिस्टन नावाचा नवा शोधक बसवून हजारो पटींनी जड स्टराइल न्यूट्रिनोंचा शोध घ्यायचा बेत आहे, आणि त्या जड भावंडांचा संबंध थेट कृष्णद्रव्याशी लावला जातो. या तिन्हींची नावं आजच तुमच्या बातम्यांच्या डायरीत लिहून ठेवा.

निकाल येईल त्या संध्याकाळी मजकूर तपासून घ्यायला माणूस लागेल. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, गोवा, कुठल्याही विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फोन करा. पानाची वेळ सांगितलीत तर त्याआधी मजकूर वाचून देणारे शिक्षक तुम्हाला नक्की मिळतील. आमच्या कॉलेजातून ते काम मी आनंदाने करीन, मोबदल्याशिवाय आणि नाव न छापता.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक आणि तुमचा नियमित वाचक